कॉकटेलमधील कॅलरी : आधी साखर, मग पेग

वजन कमी करण्याचे मनावर घेतलेली माणसे सर्वप्रथम पोळ्या मोजू लागतात. भात अर्ध्या वाटीवर येतो, चहातील साखर बंद होते, वडा-भजी सणावारापुरती उरतात. एवढे करूनही महिनाअखेरीस वजनाचा काटा जागचा हलत नाही, तेव्हा आहारतज्ज्ञ एक प्रश्न हमखास विचारतात. आठवड्यातून किती वेळा मद्य घेता आणि त्यात काय मिसळता? प्रश्नाचा पहिला भाग बहुतेकांना अपेक्षित असतो, दुसरा नसतो. पेगांचा थोडाफार हिशेब ठेवणारेही त्यात ओतलेल्या कोलाचा, टॉनिकचा किंवा अननसाच्या रसाचा हिशेब ठेवत नाहीत. वास्तविक काही लोकप्रिय कॉकटेलमध्ये निम्म्याहून अधिक उष्मांक या मिसळलेल्या पदार्थांतूनच येतात.

मद्यपान हा वजन घटविण्याचा मार्ग नव्हे, हे आधीच स्पष्ट करायला हवे. जो घेत नाही त्याने ते सुरू करावे, असे कोणतेही कारण आहारशास्त्रात नाही. आरोग्याच्या दृष्टीने मद्याचे कोणतेही प्रमाण पूर्णतः सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. तिच्याशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तर मद्याला १९८८ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले होते. तथापि जे अधूनमधून घेतात आणि घेणारच आहेत, त्यांच्यापुढे ग्लासात काय असावे आणि काय नसावे, हा प्रश्न उरतोच.

एका पेगचे गणित

एक ग्रॅम कर्बोदकांतून किंवा प्रथिनांतून ४ कॅलरी मिळतात, स्निग्ध पदार्थांतून ९. मद्यार्क म्हणजेच अल्कोहोल या दोहोंच्या मध्ये, ७ कॅलरींवर उभा आहे. साखरेपेक्षा बराच वर आणि तुपाच्या थोडा खाली, असे त्याचे स्थान लक्षात ठेवले तरी पुरे.

भारतात तयार होणाऱ्या व्हिस्की, रम, जिन, व्होडका व ब्रँडीच्या बाटल्यांवर सहसा ४२.८ टक्के मद्यार्क असा आकडा छापलेला असतो. हा विचित्र वाटणारा आकडा ब्रिटिश अमदानीतील मोजणीची खूण आहे. त्या काळच्या ७५ अंश प्रूफचे आजच्या टक्केवारीत रूपांतर केले की ४२.८ येतात. बारमधील ‘स्मॉल’ पेग ३० मिलिलिटरचा असतो. त्यात १२.८ मिलिलिटर मद्यार्क असतो. मद्यार्क पाण्यापेक्षा हलका असल्याने त्याचे वजन साधारण १० ग्रॅम भरते आणि त्यातून ७१ कॅलरी मिळतात. ‘लार्ज’ म्हणजे ६० मिलिलिटर, म्हणजेच १४२ कॅलरी. १८० मिलिलिटरची ‘क्वार्टर’ संपविणाऱ्याने सव्वाचारशे कॅलरी, म्हणजे साधारण चार मध्यम पोळ्यांएवढी ऊर्जा घेतलेली असते, आणि पोट मात्र भरलेले नसते.

या हिशेबात व्हिस्की, रम, व्होडका असा भेद फारसा राहत नाही. व्होडका ‘हलकी’ आणि रम ‘जड’ हा समज सर्वत्र आढळतो. रम उसाच्या मळीपासून होते, म्हणून ती गोड आणि लठ्ठ करणारी, असे त्यामागचे तर्कशास्त्र. पण किण्वनात साखरेचा मद्यार्क होतो आणि उरलीसुरली साखर ऊर्ध्वपातनाच्या भांड्यात मागे राहते. रंगासाठी घातलेल्या कॅरॅमलचा वा चवीसाठी केलेल्या किंचित भरीचा अपवाद सोडला, तर सारख्याच तीव्रतेच्या मद्यांतील कॅलरी जवळपास सारख्याच असतात. गोव्याच्या काजू फेणीलाही हेच लागू पडते. २००९ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळालेली ही फेणी गंधाने कितीही निराळी असली, तरी तिचा पेग व्होडकाच्या पेगएवढाच भरतो. खरा अपवाद लिक्युअरचा. कॉफी, संत्रे, नारळ किंवा मलई यांच्या चवीच्या या मद्यांत ऊर्ध्वपातनानंतर मुद्दाम साखर घातलेली असते.

शरीर मद्यार्क साठवून ठेवू शकत नाही. तो पोटात गेला की यकृत बाकीची कामे बाजूला ठेवून आधी त्याची विल्हेवाट लावते. मद्यार्काचे ॲसिटाल्डिहाइड व पुढे ॲसिटेट होते, आणि हे ॲसिटेट इंधन म्हणून उपलब्ध असेपर्यंत शरीरातील चरबी जाळण्याची प्रक्रिया मंदावलेली राहते. त्याच वेळी सोबत आलेली साखर आणि चखण्यातील तेल यांना साठ्यात जाण्यावाचून दुसरी वाट उरत नाही. पोट सुटण्याचे खापर एकट्या मद्यावर फोडणे जसे चूक, तसेच त्याला निर्दोष सोडणेही चूक.

साखर येते कोठून?

‘कॉकटेल’ या शब्दाची छापील व्याख्या अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावच्या एका वृत्तपत्राने १३ मे १८०६ रोजी दिली. कोणतेही तीव्र मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क यांचे मिश्रण म्हणजे कॉकटेल, असा तिचा आशय होता. साखर ही व्याख्येतच आहे. त्याहून जुने ‘पंच’ हे पेय सतराव्या शतकात भारतातील युरोपीय व्यापाऱ्यांमध्ये रुळले. मद्य, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला या पाच जिनसांवरून, म्हणजे आपल्या ‘पाच’वरूनच, त्याचे नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते. त्यातही साखर होतीच. तेव्हा बिनसाखरेचे कॉकटेल करू पाहणारा माणूस जुन्या रचनेचा एक खांब काढून घेत असतो. तो काढल्यावर छप्पर कसे तोलायचे, हाच या पाककृतींमधला खरा प्रश्न.

साध्या साखरेच्या पाकापासून सुरुवात करावी. साखर व पाणी सम वजनाने घेऊन केलेल्या ३० मिलिलिटर पाकात सुमारे १८ ग्रॅम साखर असते, म्हणजे ७०-७५ कॅलरी. एक स्मॉल पेग आणि तेवढ्याच मापाचा पाक हे कॅलरींच्या बाबतीत तुल्यबळ आहेत, ही गोष्ट अनेकांना चकित करते. पाकाऐवजी मध किंवा गूळ वापरल्याने मोठा फरक पडत नाही. मधाच्या एका चमच्यातही २० कॅलरी असतातच.

कोलासारख्या शीतपेयांत दर १०० मिलिलिटरमागे १० ग्रॅमच्या आसपास साखर असते. लार्ज रममध्ये २०० मिलिलिटर कोला ओतला की १४२ कॅलरींचा पेग २२८ वर जातो. फळांचा रस आरोग्यदायी म्हणून निवडणाऱ्यांचीही येथे निराशा होते, कारण संत्र्याच्या रसाचा उष्मांक कोलाच्या बरोबरीचाच आहे.

टॉनिक वॉटरची गोष्ट अधिक फसवी आहे. ते दिसते सोड्यासारखे आणि लागते कडू. त्यामुळे त्यात साखर असेल अशी शंकाच येत नाही. हिवतापावरील क्विनीनचा कडूपणा झाकण्यासाठी हे पेय गोड करण्यात आले. भारतातील ब्रिटिशांनी त्यात जिन मिसळून त्याचे कॉकटेल केले. आजच्या टॉनिकमध्ये क्विनीन नावापुरते उरले आहे. साखर मात्र कायम आहे. नेहमीच्या टॉनिकच्या २०० मिलिलिटरमध्ये ७० कॅलरींच्या आसपास ऊर्जा असते, म्हणजे जिनचा एक स्मॉल पेगच. सोड्यात शून्य.

गोव्यात व तळकोकणात उन्हाळ्याच्या तोंडाशी मिळणारा हुर्राक हे या विसंगतीचे उत्तम उदाहरण ठरेल. काजूच्या बोंडांच्या रसाचे हे पहिले ऊर्ध्वपातन असल्याने त्याची तीव्रता फेणीच्या मानाने पुष्कळ कमी, साधारण १५ टक्के असते. ६० मिलिलिटर हुर्राकात जेमतेम ५० कॅलरी असतात. पण तो लिंबाच्या चवीचे गोड शीतपेय घालून, मिठाची चिमूट आणि चिरलेली हिरवी मिरची टाकून पिण्याची रीत आहे. अशा २०० मिलिलिटर शीतपेयातून हुर्राकापेक्षा अधिक कॅलरी पोटात जातात. शीतपेयाच्या जागी सोडा आणि अर्ध्या कागदी लिंबाचा रस घातला तर मिरची-मिठाची गंमत तशीच राहते. हुर्राकाचा मूळ गंधही गोडव्याखाली दबत नाही.

साखर काढल्यावर

साखर नुसती गोडी देत नाही. ती लिंबाचा आंबटपणा बोथट करते, पेयाला थोडा दाटपणा देते आणि मद्याचा तिखट चटका सौम्य करते. त्यामुळे पाककृतीतून फक्त साखर वगळली आणि बाकी सारे तसेच ठेवले, तर हाती येते ते दात आंबवणारे पाणी. कमी कॅलरींच्या कॉकटेलचा पहिलाच प्रयोग फसून माणूस पुन्हा कोलाकडे वळतो, तो याच कारणाने.

उपाय सोपा आहे. साखर जितकी कमी करायची, तितकेच लिंबूही कमी करावे आणि मोकळी झालेली जागा सोड्याने भरावी. लिंबाचा गंध हवा असेल तर तो रसात नसून सालीत असतो. हिरव्या सालीचा वरचा थर किसणीने अलगद काढावा. खालचा पांढरा भाग कडू असतो, तो येऊ देऊ नये. मिठाची बारीक चिमूट कडूपणा दाबते आणि उरलेली गोडी पुढे आणते. लिंबू सरबतात साखरेबरोबर मीठ घालणाऱ्या घरांना हे वेगळे सांगायला नको. आल्याचा ठेचलेला तुकडा आणि हिरवी मिरची जिभेला दुसरा चटका देतात, त्यामुळे मद्याचा चटका लक्षात येत नाही. कडू अर्काचे, म्हणजे बिटर्सचे, दोन-तीन थेंब गंधाची खोली देतात. त्यात मद्यार्क असला तरी थेंबांच्या मापाने तो नगण्य ठरतो. पुदिना हातावर टाळी देऊन टाकावा, खलबत्त्यात कुटू नये. कुटलेली पाने कडू होतात आणि तो कडूपणा मारायला पुन्हा साखर लागते.

बर्फाच्या बाबतीत बहुतेक घरांत हात आखडता घेतला जातो. दोन खडे टाकलेले पेय लवकर कोमट व पाणचट होते. ग्लास काठोकाठ बर्फाने भरला तर पेय अधिक गार राहते आणि बर्फ सावकाश वितळतो. शिवाय अशा ग्लासात द्रव कमी मावतो. सोडाही आधी फ्रिजमध्ये गार केलेला हवा. कोमट सोडा बर्फावर ओतला की त्यातील वायू क्षणात निघून जातो, आणि बिनसाखरेच्या पेयात फेसाळपणा हाच अर्धा आनंद असतो.

काही पाककृती

क्यूबातील हवाना शहराचे मोहितो हे पेय या प्रयोगाला सर्वांत अनुकूल आहे, कारण त्याची चव मुळात पुदिना व लिंबावर उभी आहे. बारमध्ये मिळणाऱ्या मोहितोत लार्ज रम, ३० मिलिलिटर पाक आणि पुष्कळदा सोड्याच्या जागी लिंबाच्या चवीचे शीतपेय असते. असा ग्लास पावणेतीनशे कॅलरींपर्यंत सहज जातो. घरी करताना उंच ग्लासात ८-१० पुदिन्याची पाने, १० मिलिलिटर लिंबाचा रस आणि अर्धा चहाचा चमचा साखर घ्यावी. साखर विरघळेपर्यंत हलक्या हाताने ढवळावे. ३० मिलिलिटर पांढरी रम घालून ग्लास बर्फाने भरावा व १५० मिलिलिटर गार सोडा ओतावा. वरून किसलेली साल. हे सारे मिळून ८५ कॅलरींच्या आत राहते. अर्धा चमचा साखर ठेवल्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. त्या १० कॅलरी वाचवून चव घालविण्यात शहाणपण नाही.

ब्लडी मेरीला साखर लागतच नाही. ३० मिलिलिटर व्होडका, १२० मिलिलिटर टोमॅटोचा रस, लिंबाचे काही थेंब, वूस्टरशायर सॉसचा शिडकावा, काळी मिरी आणि तिखट सॉस एवढाच तिचा संसार. कॅलरी शंभराच्या आत. ग्लासात दाटपणा असल्याने ती सावकाश प्यायली जाते, हाही एक लाभच. मात्र डबाबंद टोमॅटो रसात आणि सॉसमध्ये मीठ भरपूर असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी घरी टोमॅटो उकडून, वाटून, गाळून घेतलेला रस वापरावा. त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली तर तो सारापर्यंत पोचतो, पण वाईट मुळीच लागत नाही.

कोकणच्या स्वयंपाकघरातील आगळ हा या कामी अत्यंत उपयुक्त पदार्थ. येथे एक सावधगिरी हवी. बाजारात कोकमाचे दोन द्रव मिळतात. अमृत कोकम हे साखरेच्या पाकात मुरविलेले सरबत असते, तर आगळ हा मीठ घातलेला बिनसाखरेचा घट्ट रस. सोलकढीला वापरतात तो हा दुसरा. ३० मिलिलिटर फेणी किंवा व्होडका, एक मोठा चमचा आगळ, उभी चिरलेली अर्धी हिरवी मिरची, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट, भरपूर बर्फ आणि वर १५० मिलिलिटर सोडा. आगळ खारट असल्याने वेगळे मीठ घालू नये. कॅलरी ८० च्या पुढे जात नाहीत, आणि रंग असा येतो की पाहुण्यांनी नाव विचारावे. कोकमातील आम्लामुळे चरबी वितळते, असा प्रचार केला जातो. त्याला पुरेसा आधार नाही, आणि या पेयाला त्या शिफारशीची गरजही नाही.

वाइन आवडणाऱ्यांसाठी स्प्रिट्झर हा जुना युरोपीय तोडगा आहे. ७५ मिलिलिटर कोरडी पांढरी वाइन आणि तेवढाच गार सोडा, सोबत काकडीची चकती. साधारण ६० कॅलरी. २००१ च्या राज्य धोरणानंतर नाशिक परिसरात वायनरी वाढल्या. त्यामुळे यासाठी परदेशी बाटली शोधण्याची आवश्यकता नाही. फक्त लेबलवर ‘ड्राय’ शब्द पाहावा. जेवणानंतर घेतल्या जाणाऱ्या गोड वाइनने हा हिशेब बिघडतो.

पिना कोलाडापुढे मात्र हात टेकावेत. प्युर्टो रिको या बेटाने १९७८ मध्ये आपले अधिकृत पेय म्हणून जाहीर केलेले हे कॉकटेल रम, अननसाचा रस आणि नारळाची गोड मलई यांचे आहे. लार्ज रम घालून केले तर एका ग्लासात साडेतीनशे कॅलरींच्या आसपास ऊर्जा असते. मलईऐवजी शहाळ्याचे पाणी घालून, रस निम्म्यावर आणून आणि स्मॉल पेग वापरून तो आकडा ११० पर्यंत उतरविता येतो. तयार होणारे पेय चांगलेही लागते. पण ते पिना कोलाडा नसते. ज्याला पिना कोलाडाच हवा आहे त्याने वर्षातून एकदा खराखुरा घ्यावा. लाँग आयलंड आइस टीचीही तीच कथा. त्यात व्होडका, जिन, रम व टकिला यांच्यासह संत्र्याचे लिक्युअर असे पाच प्रकारचे मद्य असते. साखर काढली तरी अडीच पेगांएवढे मद्य शिल्लक राहते, आणि त्याचे करायचे काय?

हाच प्रश्न प्रत्येक पाककृतीच्या शेवटी येऊन उभा राहतो. साखर, रस, मलई सारे गेल्यावर ग्लासात उरलेल्या कॅलरी या केवळ मद्यार्काच्या असतात आणि त्या कोणत्याही युक्तीने कमी होत नाहीत. सुक्या मार्टिनीत साखर जवळपास नसते, तरीही ती दीडशेच्या घरात जाते. म्हणून वरील सर्व कृतींत पेग ३० मिलिलिटरचा ठेवला आहे. घरी अंदाजाने, बोटांच्या मापाने ओतलेला ‘स्मॉल’ बहुधा स्मॉल नसतो. स्टीलचे पेगचे माप स्वस्त मिळते. ते घरात असणे ही वजन घटवू पाहणाऱ्या यजमानाची पहिली गरज.

कागदावर याचा परिणाम लक्षणीय दिसतो. आठवड्यातून तीन संध्याकाळी प्रत्येकी दोन लार्ज रम-कोला घेणारा १,३६८ कॅलरी घेतो. तोच माणूस तेवढेच ग्लास स्मॉल रम, लिंबू आणि सोड्याचे घेऊ लागला, तर आकडा साडेचारशेच्या आसपास राहतो. दर आठवड्याला नऊशेहून अधिक कॅलरी वाचतात. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी हा ढोबळ हिशेब धरला, तर दोन महिन्यांत किलोभर वजनाइतका हा फरक आहे. शरीर असे सरळ त्रैराशिक मानत नाही, हे खरे. आणि हे ग्लास सहाचे बारा झाले, तर फरक निम्म्यावर येतो. हलके आहे म्हणून आणखी एक, ही या पेयांची खरी लबाडी.

डाएट कोलाचा धोका

साखरयुक्त कोलाऐवजी डाएट कोला घालणे हा सर्वांत झटपट उपाय, आणि कॅलरींपुरता तो खराही आहे. पण त्यात एक मेख आहे. जठरात साखर असली की जठर सावकाश रिकामे होते आणि मद्यार्क आतड्यात हळूहळू पोचतो. साखर नसेल तर तो लवकर पोचतो आणि रक्तात लवकर चढतो. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या छोट्या अभ्यासात हे मोजले गेले. व्होडकाबरोबर साखरेचे पेय घेतल्यावर जठर निम्मे रिकामे व्हायला सुमारे ३६ मिनिटे लागली, कृत्रिम गोडीचे पेय घेतल्यावर २१. रक्तातील मद्यार्काचे शिखरही दुसऱ्या वेळी वरचे होते. अमेरिकेतील नॉर्दर्न केंटकी विद्यापीठाच्या २०१३ मधील अभ्यासात डाएट पेयासोबत व्होडका घेणाऱ्यांच्या श्वासातील मद्यार्काचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक आढळले. विशेष म्हणजे आपल्याला अधिक चढली आहे, असे त्यांना जाणवले नव्हते.

ही न जाणवलेली नशाच धोक्याची. आपल्याकडे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालविणे गुन्हा आहे. नेहमीइतकेच पेग घेतले, असा विश्वास डाएट कोला घेणाऱ्याने बाळगू नये. कृत्रिम गोडीबाबत आणखी एक नोंद आवश्यक आहे. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेला पर्याय म्हणून असे पदार्थ वापरू नयेत, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली, कारण दीर्घकाळात त्यांचा लाभ दिसून आलेला नाही.

उपाशी पोटी हिशेब जुळविणे

संध्याकाळी पार्टी आहे म्हणून दुपारचे जेवण गाळायचे आणि ‘वाचलेल्या’ कॅलरी पेगसाठी राखून ठेवायच्या, ही सवय तरुण वर्गात विशेष दिसते. वहीतील बेरीज जुळते, शरीराची जुळत नाही. रिकाम्या पोटी मद्यार्क झपाट्याने रक्तात जातो. त्याहून गंभीर म्हणजे, उपाशी माणसाच्या रक्तातील साखर टिकवून ठेवण्याचे काम यकृत करीत असते आणि मद्यार्क त्या कामात अडथळा आणतो. साखर एकाएकी घसरून घाम, थरथर, भ्रम, क्वचित शुद्ध हरपणे असे प्रकार घडू शकतात. भोवतालचे लोक त्याला ‘चढली’ समजून झोपवून ठेवतात, आणि मदत मिळायला उशीर होतो. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींना हा धोका सर्वाधिक असतो. ज्यांनी वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया करून घेतली आहे, त्यांच्या शरीरातही मद्यार्क पूर्वीपेक्षा वेगाने चढतो. गरोदर स्त्रिया, यकृताचे विकार असलेले आणि वैद्यकीय सल्ल्याने मद्य वर्ज्य असलेले यांच्यासाठी कमी कॅलरींचा पर्यायही पर्याय नाही.

तेव्हा आधी जेवावे. डाळ, उसळ, अंडे, पनीर, मासळी असे प्रथिनयुक्त काही पोटात असले, की पेगचा वेग मंदावतो आणि चखण्यावर तुटून पडण्याची वेळ येत नाही. चखणा हा स्वतंत्र लेखाचा विषय ठरावा. ३० ग्रॅम खारे शेंगदाणे, म्हणजे एक मूठ, १७० कॅलरींचे असतात. मोहितोत वाचविलेले सारे एका मुठीत परत येते. काकडी-गाजराचे काप, उकडलेले चणे, कांदा-टोमॅटो घातलेला भाजका पापड, मोड आलेल्या मुगाची चाट हे पर्याय मुंबईच्या साध्यातल्या साध्या परमिट रूममध्येही मिळतात. पापड ‘फ्राय’ नको ‘रोस्टेड’ हवा, एवढेच सांगावे लागते.

महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आले. सौम्य बिअर व वाइनसाठी वयाची २१ आणि अन्य मद्यासाठी २५ वर्षे पूर्ण असावी लागतात; वर्धा व गडचिरोली जिल्ह्यांत पूर्ण दारूबंदी आहे. गोव्यात वयोमर्यादा १८ आहे.

बारमध्ये मागणी करताना थोडी स्पष्टता ठेवली तर काम सोपे होते. मेनूमध्ये कॅलरी सहसा दिलेल्या नसतात आणि ‘स्किनी’, ‘लाइट’ ही विशेषणे मापाविना निरर्थक आहेत. पेग स्मॉल, साखरेचा पाक नको, सोड्याची बाटली टेबलावर वेगळी आणि लिंबाच्या फोडी बाजूला, असे सांगावे. ‘स्वीट की सॉल्ट?’ असा प्रश्न आला तर ‘सॉल्ट’ म्हणावे. पहिला ग्लास संपल्यावर त्याच ग्लासात नुसता सोडा, लिंबू आणि बर्फ घेतला, तर टेबलावरच्या कोणाच्या लक्षातही येत नाही आणि आग्रहाची पाळी टळते.